एक चाक बर्फात

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर गावावर मंगळवासीयांनी एकदा स्वारी केलेली आहे. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्सने रेडिओवर ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ सादर केले आणि त्यात मंगळावरचे यान उतरले ते याच गावाच्या हद्दीतल्या ग्रोव्हर्स मिल या वस्तीत. संहिता लिहिणाऱ्या हॉवर्ड कोचने डोळे मिटून नकाशावर पेन्सिल टेकवली आणि ती इथे पडली, असे तोच सांगायचा. वस्तीचा दोष एवढाच. गावानेही मनात राग धरला नाही. पन्नास वर्षांनी, १९८८ मध्ये, व्हॅन नेस्ट पार्कमध्ये त्या स्वारीचे स्मारक उभारले. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने एक गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवली आहे: हे मंगळवासी चाक वापरत नाहीत. तीन पायांच्या उंच यंत्रांवरून चालतात. या एका शहाणपणामुळे ते डिफरन्शियलच्या कटकटीतून कायमचे सुटले.

त्यांच्यानंतर पुणे, नाशिक, सांगली आणि डोंबिवलीहून जे लोक या गावात उतरले, ते सुटले नाहीत. त्यांनी चार चाकांच्या गाड्या घेतल्या, घरटी दोन. आणि दर हिवाळ्यात पहिला जोराचा बर्फ पडला की दुपारी फावडी घेऊन ड्राइव्हवेवर उतरलेल्या या मंडळींमध्ये एका प्रश्नावर दुफळी पडते: घसरत्या रस्त्यावर गाडीला आधार कशाचा? ब्रेक लावून चाक आवरणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा, की लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलचा?

वेस्ट विंडसरचा भूगोल पाहता या वादाची इथे काही गरज नाही. गाव सपाट आहे. प्रिन्स्टन जंक्शनजवळ रेल्वेच्या रुळांवरून जाणारा अलेक्झांडर रोडचा पूल चढणे हेच इथले गिर्यारोहण. रस्त्यांवर सरकारी नांगर सकाळी फिरून जातो, मीठ पडते, दहा वाजेपर्यंत डांबर दिसायला लागते. अडचण असते ती शेवटच्या दहा फुटांची. नांगर रस्त्यावरचा सगळा बर्फ बाजूला लोटतो आणि ‘बाजू’ म्हणजे नेमके आपल्या ड्राइव्हवेचे तोंड. तासभर राबून स्वच्छ केलेल्या वाटेवर गुडघाभर ढीग येऊन पडतो. मग घरमालक म्हणतो, आता गाडीनेच फोडू. गाडी पुढे येते, उजवे चाक ढिगाच्या कडेला थिजलेल्या पाण्यावर चढते, डावे चाक कोरड्या डांबरावरच असते, आणि गाडी तिथेच थांबते. डांबरावरचे चाक हलत नाही. बर्फावरचे गरगरा फिरते. ज्याला काम जमत नाही त्यालाच सगळी शक्ती मिळतेय, हे पाहून सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या पाहुण्यांना ओळखीचे काहीतरी दिसल्यासारखे वाटते.

प्रत्यक्षात यंत्राने तसा पक्षपात केलेला नसतो. उलट त्याने काटेकोर समानता पाळलेली असते आणि गोंधळ तिथेच होतो. वळण घेताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा लांबचे अंतर कापते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणे भाग असते. बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण तिची चाके आसावर सुटी फिरतात; आसाला कोणी ढकलत नाही, ओढण्याचे काम बैलांकडे. इंजिनाने चाके फिरवायची ठरल्यावर प्रश्न उभा राहिला आणि फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकरने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी त्याचे उत्तर शोधले. तेच डिफरन्शियल. त्यातला मधला छोटा पिनियन कावडीच्या दांडीसारखा काम करतो. कावडीच्या दोन्ही टोकांना वजन सारखे लागते. एका बाजूची घागर गळून रिकामी झाली, तर दुसरीतही तेवढेच पाणी ठेवता येते, नाहीतर दांडी खांद्यावर ठरत नाही. बर्फावरचे चाक म्हणजे ती गळकी घागर. त्याला जेमतेम पेलेल तेवढाच जोर डांबरावरच्या चाकाला मिळतो. आणि बर्फावरचे चाक काहीच पेलत नाही.

यावर उपाय दोन. रिकाम्या बाजूला धोंडा बांधायचा, किंवा दांडीच खांद्याशी आवळून धरायची. धोंडा म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल. आवळणे म्हणजे लिमिटेड-स्लिप. गावातले दोन पक्ष हेच आहेत.

आवळणाऱ्यांचा पक्ष जुना आणि जास्त मोठ्याने बोलणारा. त्यांच्याकडे इतिहास आहे. १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शने ऑटो युनियनसाठी शर्यतीची गाडी केली, तर तिचे मागचे एक चाक ताशी १६० किलोमीटरपर्यंत कुठल्याही वेगाला जागच्या जागी फिरायला लागायचे. १९३५ मध्ये त्याने झेडएफ कंपनीकडून यावरचा उतारा बनवून घेतला. अमेरिकेत १९५६ साली पॅकार्डने तो साध्या गिऱ्हाइकाला दिला आणि पाठोपाठ शेवरलेने ‘पॉझिट्रॅक्शन’ या नावाने तो असा काही विकला, की पुढे एका चित्रपटातला खुनाचा खटला त्यावरच सुटला. १९९२ च्या ‘माय कझिन व्हिनी’मध्ये मरिसा टोमे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसून टायरच्या दोन सारख्या खुणांवरून सिद्ध करते, की ती गाडी १९६४ ची ब्यूइक स्कायलार्क असूच शकत नाही, कारण त्या गाडीला पॉझिट्रॅक्शन मिळत नव्हते. ती भूमिका तिला ऑस्कर देऊन गेली. डिफरन्शियलवर बोलून आजवर कुणाला मिळालेला हा सर्वोच्च सन्मान असावा. वेस्ट विंडसरमध्ये त्याच विषयावर बोलणाऱ्यांना फार तर ‘चहा गार होतोय’ एवढे ऐकायला मिळते.

या पक्षाच्या पुढाऱ्याकडे स्वतःची मिनीव्हॅन असते. होंडा ओडिसी, पुढच्या चाकांवर चालणारी, साधे उघडे डिफरन्शियल. खरोखरीचे लिमिटेड-स्लिप घरात असलेच तर ते कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या सिव्हिक एसआयमध्ये असते आणि त्याच्या विम्याचा हप्ता वडील भरतात. पण प्रत्येक गोष्ट स्वतःपाशी असलीच पाहिजे, असे कुठे आहे? क्रिकेटबद्दल बोलणाऱ्या किती जणांकडे बॅट असते?

आवळण्याच्या रीतीही दोन-तीन आहेत आणि प्रत्येकीची एक खोड आहे. जुन्या पद्धतीत क्लच प्लेटांची चवड असते, ती दोन्ही बाजूंना घर्षणाने बांधून ठेवते. तिला खास तेल लागते. ते घातले नाही तर पार्किंगमध्ये गाडी हळू वळवताना मागून कुरकुर ऐकू येते. शिवाय वर्षानुवर्षे घासून प्लेटा झिजतात आणि एके दिवशी लिमिटेड-स्लिप हे फक्त पावतीवर उरते. दुसरी रीत दातांची. व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन संशोधकाने १९५८ मध्ये पेटंट घेतलेले टॉर्सन. त्यात क्लच नाही, झिजण्यासारखे फारसे काही नाही. घसरणाऱ्या चाकाला जेवढे पेलवते, त्याच्या तिप्पट वगैरे जोर ते दुसऱ्या चाकाला देते. ऐकायला उत्तम. पण एक चाक पूर्ण हवेत लटकले की त्याला पेलवते शून्य, आणि शून्याची तिप्पट काढायला बीजगणित लागत नाही. अमेरिकी सैन्याच्या हमवीमध्ये टॉर्सन बसवले तेव्हा चालकांना शिकवले गेले, की अडकलात तर रेस देतानाच ब्रेकही थोडा दाबा. फिरणाऱ्या चाकाला काहीतरी विरोध मिळाला की टॉर्सनला गुणाकार करायला आकडा मिळतो.

म्हणजे आवळणाऱ्या पक्षालाही अडचणीच्या वेळी धोंडा बांधावाच लागतो. ड्राइव्हवेवरच्या सभेत हा मुद्दा सहसा मांडला जात नाही.

धोंडेवाल्यांचा पक्ष नवा. त्यांची सगळी भिस्त दुसऱ्यासाठी आणलेल्या सामानावर आहे. १९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने मोठ्या एस-क्लासमध्ये एबीएस आणले, ते ब्रेक मारताना चाक लॉक होऊ नये म्हणून. त्यासाठी चाकांची गती मोजणारे सेन्सर आले, ब्रेकचा दाब वेगवेगळा कमी-जास्त करणारा पंप आणि व्हॉल्व्ह आले. मग कुणीतरी विचार केला, की चाक फार हळू फिरतेय हे कळते तर फार जोरात फिरतेय हेही कळेलच. तेव्हा तोच ब्रेक दाबा, हवे तर इंजिनाचा जोरही थोडा कमी करा. फारसे नवे लोखंड न घालता ट्रॅक्शन कंट्रोल तयार. १९९५ मध्ये गाडी आडवी जाऊ नये म्हणून तिला सावरणारी ईएसपी आली, तीही बरीचशी त्याच सामानाच्या जिवावर. दोन वर्षांनी मर्सिडीजची छोटी ए-क्लास स्वीडनमध्ये मूस हे हरीण चुकवण्याच्या चाचणीत उलटली, कंपनीची भरपूर शोभा झाली आणि महागड्या गाड्यांपुरती असलेली ती यंत्रणा छोट्या गाडीतही सरसकट बसली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्या हलक्या वाहनांना ती सक्तीची आहे. नियम केला तेव्हा सरकारी खात्याचा अंदाज होता, की एकट्याच गाडीचे जे अपघात होतात, ते मोटारींत ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हींत ५९ टक्क्यांनी घटतील. कुठल्याही डिफरन्शियलच्या नावावर असे पुण्य जमा नाही.

मग विक्री खात्याला वाटले, एवढे सगळे आयते मिळतेय तर नावही का घेऊ नये? टोयोटाच्या पिकअपमध्ये ‘ऑटो एलएसडी’ असते. डिफरन्शियल मात्र आतून साधे, उघडे. काम ब्रेकच करतात. फोक्सवॅगन आणि स्कोडा ‘इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक’ म्हणतात, त्यात लॉक होणारे काही नसते. नाशिकला बनणाऱ्या महिंद्रा थारमध्ये निदान प्रामाणिकपणा आहे: ब्रेकवाल्याला ब्रेक लॉकिंग आणि दातेवाल्याला मेकॅनिकल लॉकिंग अशी वेगवेगळी नावे दिलेली आहेत. पुण्याची फोर्स गुरखा तर याही भानगडीत पडत नाही. पुढचे आणि मागचे दोन्ही डिफरन्शियल चालकाने हाताने पक्के लॉक करायचे. गुरख्याकडून हीच अपेक्षा.

ब्रेकवाल्या पद्धतीचे दोष आवळणारा पक्ष तोंडपाठ म्हणून दाखवतो आणि ते खोटे नाहीत. चाक आधी घसरावे लागते, मग सेन्सरला कळते, मग ब्रेक दाबला जातो. म्हणजे पोलीस येतात, पण चोरी झाल्यावर. इंजिनाने केलेली मेहनत एका ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. चिखलात फार वेळ झगडलात तर ब्रेक तापतात आणि यंत्रणा ते थंड होईपर्यंत हात वर करते. शर्यतीच्या ट्रॅकवर वळणातून बाहेर पडताना आपल्याच गाडीचा ब्रेक लागलेला कुणाला आवडेल? तिथे लिमिटेड-स्लिपला तोड नाही आणि ज्याला रविवारी ट्रॅकवर जायचे आहे त्याने ते जरूर घ्यावे.

बर्फावर मात्र बाजी उलटते. उघडे डिफरन्शियल एक चाक वाया घालवते खरे, पण दुसरे न फिरणारे चाक जमिनीला धरून असते आणि गाडीचे बूड आडवे जाऊ देत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत लिमिटेड-स्लिपने दोन्ही चाके एकजुटीने फिरवली आणि दोन्ही एकदमच सुटली, तर उताराच्या बाजूला सरकणारे बूड थांबवायला कोणी उरत नाही. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो; तेवढा उतार पुरतो. मुलाची सिव्हिक पुढच्या चाकांवर चालते म्हणून वाचते. शेजारच्या घरातली मस्टँग डिसेंबर ते मार्च गॅरेजात झाकून ठेवलेली असते, यामागे तिच्या मालकाचे सौंदर्यप्रेम कमी आणि अनुभव जास्त आहे.

एवढ्या वादात गाडीचे मॅन्युअल कोणी वाचलेले नसते. वाचलेले असते ते घरातल्या बाईने, कारण सिएना ही मिनीव्हॅन घेऊन मुलांना शाळेत, स्विमिंगला, रविवारच्या मराठी शाळेत पोहोचवायचे काम तिच्याकडे असते आणि तिला पोहोचण्यात रस असतो. डॅशबोर्डवर नागमोडी रेघा मारत जाणाऱ्या गाडीचे पिवळे चित्र लुकलुकायला लागले की नवरा म्हणतो, ‘बिघडलं वाटतं.’ ती सांगते, ‘लुकलुकतंय म्हणजे काम चालू आहे. पेटून राहिलं तर बिघडलं, नाहीतर तूच बंद केलंयस.’ बंद करण्याचे बटण असते हेही तिलाच माहीत असते. खोल बर्फात रुतलेल्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर इतका कमी करते, की गाडी जागची हलत नाही. म्हणून बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात लिहिलेले असते, की अशा वेळी ते तात्पुरते बंद करा आणि बाहेर पडलात की आठवणीने चालू करा. दुसरा अर्धा भाग नवरे विसरतात.

ऑल-व्हील ड्राइव्हवाल्यांचा एक तिसरा, आत्मसंतुष्ट गट आहे. त्याच्याबद्दल थोडक्यात: चारही चाकांनी गाडी निघते लवकर, थांबते मात्र बाकीच्यांसारखीच. चारही चाकांना ब्रेक मारुती ८०० लाही होते.

१५ नोव्हेंबर २०१८ च्या दुपारी न्यू जर्सीत अंदाजापेक्षा बराच जास्त बर्फ पडला आणि अख्ख्या राज्याची संध्याकाळ रस्त्यावर गेली. लोक तासन्‌तास गाड्यांत बसून राहिले. वेस्ट ऑरेंजमध्ये काही मुलांनी रात्र शाळेतच काढली. त्या रांगांमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल होते, टॉर्सन होते, क्लच प्लेटा होत्या, चारही चाकांवर चालणाऱ्या सुबारू होत्या. पुढची गाडी अडकली की मागच्या गाडीच्या डिफरन्शियलचा काय उपयोग, या प्रश्नावर अजून कुठल्या कंपनीने पर्याय काढलेला नाही.

या सगळ्यात खरा जाणकार वेस्ट विंडसरला सहा महिन्यांच्या व्हिसावर येतो. वाळवा तालुक्यातून आलेले एखाद्याचे वडील, कानटोपी घालून खिडकीपाशी बसलेले. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला असतो आणि ट्रॅक्टरमध्ये हे दोन्ही पक्ष एकाच पायाखाली नांदतात. उजव्या पायापाशी ब्रेकची दोन पेडल असतात, डाव्या चाकाचे वेगळे, उजव्याचे वेगळे. रस्त्यावर जाताना ती कडीने जोडायची, शेतात सुटी ठेवायची. जवळच डिफरन्शियल लॉकचा दांडा. पाणी दिलेल्या उसाच्या सरीत डावे चाक फिरायला लागले, तर डावा ब्रेक हलकेच दाबायचा. जोर उजवीकडे जातो. नाहीच भागले तर लॉक दाबायचा, सरळ बाहेर यायचे, आणि वळायच्या आधी पाय काढायचा, नाहीतर ट्रॅक्टर वळत नाही. गळिताच्या हंगामात मागे उसाच्या दोन ट्रॉल्या लावल्या की ट्रॅक्टरचे पुढचे तोंड हलके होते, स्टिअरिंग नावापुरते उरते. तेव्हा ही मंडळी डाव्या-उजव्या ब्रेकवर गाडी वळवत कारखाना गाठतात. ते सुरक्षित आहे असे कोणी म्हणणार नाही. पण पायात सेन्सर असतो हे मान्य करावे लागते.

हीच युक्ती १९९७ मध्ये फॉर्म्युला वनच्या मॅक्लारेनने केली तेव्हा जगाला ती अलौकिक वाटली. डॅरन हीथ या छायाचित्रकाराला दिसले, की वळणातून बाहेर पडताना, जिथे ब्रेक लावायचे कारणच नाही तिथे, मॅक्लारेनच्या मागच्या एका चाकाची डिस्क लालबुंद झालेली आहे. पुढे नुरबर्गरिंगच्या शर्यतीत दोन्ही मॅक्लारेन बंद पडल्या आणि त्याने मिका हक्किनेनच्या उभ्या गाडीच्या पायाशी कॅमेरा घालून फोटो काढला. तिथे एक जादा पेडल होते, मागच्या एकाच चाकाला ब्रेक लावणारे. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीलाच फेरारीने तक्रार केली आणि ते बंद झाले. फेरारीला कुणी तेव्हा इस्लामपूरचा बाजार दाखवायला हवा होता. तिथे अशी पेडल चालू हंगामाच्या भावात, जोडीने मिळाली असती.

तर ड्राइव्हवेच्या तोंडाशी ओडिसी अडकलेली, दोन्ही पक्ष हजर, आणि मुलगा जोरात रेस देतोय. खिडकीपाशी बसलेले ते वडील, आण्णा, बाहेर येतात. बर्फावरच्या चाकाकडे बघतात, चाकाखाली तयार झालेल्या आरशासारख्या चकचकीत खळग्याकडे बघतात.

‘आरं, रेस कमी कर की. टायर बघितलास का? पार गोटा झालाय.’

‘आण्णा, ऑल-सीझन आहेत. अजून एक हिवाळा जातील.’

इथे वादाचे खरे उत्तर होते, पण ते कुणालाच ऐकायचे नसते, कारण त्यात चार टायर घ्यावे लागतात. कोरड्या डांबरावर रबराची पकड जेवढी असते, त्याच्या सात-आठ हिश्श्यांतला एक हिस्सा बर्फाच्या गुळगुळीत थरावर उरतो. सात अंश सेल्सिअसच्या खाली साधे रबर कडक व्हायला लागते. हिवाळी टायरचे मऊ राहते आणि त्याच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. ट्रॅक्शन कंट्रोल किंवा लिमिटेड-स्लिप ही फक्त वाटप करणारी खाती. पकडच नसेल तर वाटणार काय? पण हजार डॉलरचे टायर घेतल्याचे कुणाला सांगून रुबाब पडत नाही आणि वर्षातून दोनदा ते बदलायला जावे लागते, शिवाय उरलेले आठ महिने गॅरेजात ठेवायचे कुठे, तिथे तर दिवाळीचे सामान आहे.

आण्णांनी सुनेकडून बासमतीचे रिकामे तागाचे पोते मागून घेतले. ते घडी करून चाकाच्या पुढच्या टोकाशी, खळग्यात खोचले. गाडीत बसलेल्या मुलाला सांगितले, ‘दुसऱ्यात टाक आन् सोड हळूहळू.’ ऑटोमॅटिक गाडीत दुसरा गिअर कुठे टाकायचा हे शोधण्यात मिनिटभर गेले. मग सुनेने खिडकीतून हात घालून ट्रॅक्शन कंट्रोलचे बटण दाबले, मुलाने हलका पाय दिला, चाकाने पोते गिळले, गाडी एक हिसका देऊन ढिगावरून रस्त्यावर आली आणि मागे फेकले गेलेले पोते शेजाऱ्याच्या पत्रपेटीला जाऊन गुंडाळले गेले.

ब्रेकवाल्यांनी सांगितले, की शेवटच्या क्षणी सिस्टिमने ब्रेक दाबल्याचे त्यांनी स्वतः ऐकले. सुनेने सिस्टिम बंद असल्याचे सांगितले. आवळणाऱ्यांनी सांगितले, की लिमिटेड-स्लिप असते तर पोते लागलेच नसते. गाडीच्या टपावर अजून सहा इंच बर्फ तसाच होता. न्यू जर्सीत तो न काढता गाडी रस्त्यावर नेली तर २५ ते ७५ डॉलर दंड आहे आणि त्याचा तुकडा उडून कुणाला लागला तर २०० ते १,०००. तो काढायला फावडे कुणाचे घ्यायचे, यावर आता बोलणे सुरू होते. आण्णा पत्रपेटीकडे निघाले होते, पोते सोडवायला. दुसऱ्या गाडीचीही वेळ येणार, हे त्यांनी तिच्या टायरकडे बघूनच ओळखले होते.